रात्रीच्या जेवणाला काय? नोकरदार घरांसाठी सोमवार ते शुक्रवारचा धागा

निशिगंध

नमस्कार मंडळी. पाककृतींचे धागे इथे ढिगाने आहेत, त्यामुळे हा धागा पाककृतींसाठी नाही. दोघंही नोकरी करणारे, पोरं शाळा-क्लास करून दमलेली, घरात पाऊल टाकायला साडेसात-आठ, आणि नऊच्या आत ताटं घ्यायची आहेत. अशा घरात रात्रीचं साधं, चौरस जेवण कसं आखायचं यावर बोलू या.

आमची परिस्थिती सांगते. घर पुण्यात, कोथरूडला. मी वनाजहून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाते, त्यामुळे येण्याची वेळ साधारण ठरलेली. नवरा हिंजवडीला, त्याची वेळ भूमकर चौकातली वाहनांची रांग ठरवते. घरी सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी. सकाळी मावशी येऊन डब्याच्या आणि रात्रीच्या अशा दोन्ही वेळच्या पोळ्या करून जातात. बाकी सगळं आमच्यावर.

कुकर लावणं, एक फोडणी घालणं आणि काकडी चोचवणं याचा मला कंटाळा नाही. पाऊण तासात होतं. जीव जातो तो ठरवण्यात. दुपारी चारपासून डोक्यात भुणभुण सुरू होते. दुधी आहे पण मुलगा तोंड वाकडं करणार, मटकी भिजवायची राहिली, खिचडी परवाच झाली. ठरत काहीच नाही, आणि सव्वाआठला कोणीतरी मोबाइल उघडून पार्सल मागवतं.

म्हणून आम्ही पदार्थ ठरवणं सोडून फक्त प्रकार ठरवलाय. सोमवारी कुकरमधलं एकच काहीतरी: मुगाची खिचडी, मसालेभात नाहीतर वरणफळं, सोबत कढी किंवा ताक. मंगळवारी उसळ, मग ती मटकीची, चवळीची, मसुराची, कसलीही. बुधवारी अंडी (सासूबाई खात नाहीत, त्यांना पनीर किंवा मुगाचं काहीतरी). गुरुवारी भाकरी-पिठलं-पालेभाजी. शुक्रवारी तव्यावरचं, म्हणजे धिरडी, थालीपीठ, घावन. शनिवार-रविवार मोकळे सोडलेत. कोणत्याही दिवशी ताटात थोडं कच्चं हवं, एवढा एकच नियम.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? आणि यात काय कमी पडतंय?

पेठकर

विषय चांगला, पण वारांचा तक्ता टिकत नाही असं माझं स्पष्ट मत. बुधवारी अंडी लिहायची आणि नेमकी बुधवारी संकष्टी यायची. श्रावणात तर अख्खा तक्ताच धुऊन जाईल. हलकेच घ्या.

आमच्याकडे भाजीची पिशवी ठरवते. रविवारी सकाळी मंडईत चक्कर असते. आणलेल्या भाजीतलं आधी काय मरणार हे बघायचं आणि त्या क्रमाने संपवायचं. मेथी, पालक, चाकवत, शेपू सोमवार-मंगळवारी संपलेच पाहिजेत. भेंडी, गवार, दोडका बुधवारपर्यंत. फ्लॉवर, दुधी, वांगी त्याच्या मागोमाग. कोबी, गाजर, बीट आणि लाल भोपळा शुक्रवारपर्यंत निमूट बसून राहतात. तुमची पालेभाजी गुरुवारी आहे. रविवारी आणलेली मेथी गुरुवारी काढलीत तर पिवळी पानं निवडण्यातच साडेआठ वाजतील.

आणि एक, पालेभाजी आणल्या दिवशीच निवडून, न धुता, सुती पिशवीत किंवा कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. धुऊन ठेवली की कुजली म्हणून समजा.

निशिगंध

पेठकर, पालेभाजीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भाकरी-पालेभाजी सोमवारी आणते आणि कुकर गुरुवारी ढकलते. संकष्टीला मात्र तक्ता काही बिघडत नाही, वार अदलाबदल करायचे. श्रावणातही अंड्यांच्या जागी डाळी-पनीर येईल, एवढंच.

खडीसाखर

धागा आवडला. मला वाटतं बरीच घरं कुकर अर्धाच वापरतात. वरण आणि भात, संपलं. मधला डबा रिकामाच.

मी अशी लावते. तळाला दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात तूर आणि मूगडाळ निम्मी-निम्मी, हिंग, हळद, तेलाचा थेंब, डाळीच्या तिप्पट पाणी. मधल्या डब्यात लाल भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी, पाणी अजिबात नाही. वरच्या डब्यात तांदूळ. चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. त्या वेळात हातपाय धुणं, पोरांच्या वह्या, उद्याचे कपडे. झाकण निघालं की भोपळा कुस्करायचा, दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, वरून जिरं-मिरचीची फोडणी. भरीत तयार. त्याच कढल्यात पुन्हा फोडणी करून वरणात ओतायची, आमसूल आणि गोडा मसाला घातला की आमटी. एका गॅसवर, एका कुकरमध्ये, धान्य-डाळ-भाजी-दही सगळं झालं.

भोपळ्याच्या जागी कधी दुधी, कधी बटाटा-रताळं. बीट ठेवायचं तर बारीक फोडी करा, नाहीतर मधे कच्चं राहतं.

जाता जाता, रोजच्या वरणभाताला इंद्रायणी सुंदर, पण दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करायचा बेत असेल तर कोलमच घ्या. इंद्रायणीचा गोळा होतो.

साळूंखी

मी आहारशास्त्र शिकले आहे, त्यामुळे थोडं आकड्यांचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं काढली. त्यात साधारण २००० कॅलरीच्या दिवसाचं नमुना ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिली. धान्य-डाळींचं वजन कोरडं, न शिजवलेलं.

आता आपलं नेहमीचं ताट आठवा. पोळी आणि भात मिळून धान्य भरपूर होतं. मार खातात ते डाळ आणि भाजी. पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम वीसेक ग्रॅम असते. तूरडाळीत शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं, म्हणजे त्या वाटीतून मिळाली चार-साडेचार ग्रॅम. साठ किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात (किलोमागे ०.८३). नुसत्या वरणावर हा हिशेब जमत नाही. त्याऐवजी दोन पोळ्या, घट्ट उसळीची मोठी वाटी आणि वाटीभर दही घेतलं तर एका जेवणात पंधरा-अठरा ग्रॅम सहज होतात. अंड्याचे सहा धरा, शंभर ग्रॅम पनीरचे अठराच्या आसपास.

पण रात्रीचं ताट एकटंच चौरस करायला जाऊ नका. दिवसाचा हिशेब मांडा. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी गेली असेल तर रात्री कडधान्य आणि पालेभाजी. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये राजमा-चावल झालं असेल तर रात्री भाकरी आणि दुधीची भाजी चालेल. निशिगंध, म्हणूनच तुमच्या तक्त्यात मला एकच खोट दिसते, त्यात डबा नाही. डबा आणि रात्र एकत्र ठरवली की भाजीही दोनदा विचार करून आणावी लागत नाही.

पालेभाजीवर किंवा मटकीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवण झाल्याझाल्या चहा नको, तो नेमकं उलटं करतो.

निशिगंध

डबा! हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळच्या गडबडीत जी हाताला लागेल ती भाजी जाते. धन्यवाद साळूंखी.

भूमकर_चौक

नावावरून कळलं असेलच की मी निशिगंधताईंच्या यजमानांच्या रांगेतला. (बहुधा त्यांच्याच मागच्या गाडीत.)

धाग्यात सगळे काय शिजवायचं ते लिहितायत, पण ठरवायचं कुणी, हा पहिल्याच पोस्टमधला प्रश्न तसाच राहिलाय. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार माझे. माझे म्हणजे भाजी काय आहे ते बघण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. बायकोने त्या दिवशी 'मीठ बघ हं' असंसुद्धा म्हणायचं नाही, आणि मीही 'हिंग कुठल्या डब्यात?' असा फोन करायचा नाही. सुरुवातीला तिलाच ते जास्त जड गेलं.

माझं घरी पोचणं साडेआठच्या आधी होत नाही, त्यामुळे माझे पदार्थ सकाळी सुरू होतात. शुक्रवारी निघताना सालीची मूगडाळ भिजत घालतो. रात्री उपसायची, आलं, मिरची, जिरं, मीठ घालून मिक्सरमधून काढायची. आंबवायची भानगड नाही. पीठ इडलीइतकं घट्ट नको, पळीतून सळसळत पडलं पाहिजे. तवा चांगला तापला की पाण्याचा हबका मारून पुसून घ्यायचा, मग पळीभर पीठ मधून बाहेर फिरवायचं. वर किसलेलं गाजर, कांदा, कोथिंबीर दाबून बसवायची. कडा सुटायला लागल्या की उलटायचं. घाई केली की तुटतं. पोरं तव्याशेजारी ताट घेऊन उभी असतात, त्यामुळे शेवटी मला स्वतःला मिळतं ते गार.

मंगळवारी अंड्याचा रस्सा किंवा भुर्जी. त्याला पूर्वतयारी काहीच नाही.

माई

तुम्हा मुलांचं वाचून मजा वाटली. आम्ही नोकऱ्या केल्या तेव्हा घरपोच काही येत नसे, पण फडताळात चार डबे कायम भरलेले असत: थालिपीठाची भाजणी, मेतकूट, दाण्याचं कूट आणि भाजलेला रवा. या चार डब्यांत कितीतरी रात्री निघतात. भाजणी दोन-तीन महिन्यांची एकदम करून ठेवा, दळून आणली की काम झालं. हल्ली विकतही चांगली मिळते.

आणि पिठल्याला कमी लेखू नका. गुठळ्या होतात म्हणून नव्या मुली घाबरतात. बेसन आधी गार पाण्यात ताकासारखं कालवून घ्यायचं. चौघांना वाटीभर बेसन आणि सगळं मिळून तीन-साडेतीन वाट्या पाणी. फोडणीत लसूण लाल होऊ द्यायचा, मग कांदा, मिरची, हळद. उरलेलं पाणी घालून खळखळून उकळी आली की एका हाताने कालवण ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. मग झाकण ठेवून बारीक गॅसवर दोन वाफा. वास बदलतो, कच्चट जाऊन खमंग होतो, तेव्हा झालं. घड्याळ बघायची गरज नाही.

भाकरी येत नसेल तर भाताबरोबर खा.

साळूंखी

माई, पिठलं मलाही प्रिय. फक्त वाटीभर बेसन चौघांत म्हणजे प्रत्येकी पाचेक ग्रॅम प्रथिनं. सोबत दही किंवा ताक आणि मुळा-कांदा-टोमॅटो असं काहीतरी कच्चं असू दे, मग ताट पुरं होतं.

माई

दही असतंच गं. सांगायला कशाला हवं?

मोरपंख

आमच्याकडे सासऱ्यांना मधुमेह आहे आणि रात्री भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. त्यांच्यासाठी वेगळं करायला वेळ नाही. कोणी असं सांभाळतंय का?

साळूंखी

मोरपंख, वेगळं करूच नका. तेच जेवण, वाढायची पद्धत बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि भात शेवटी, मोजून एक लहान वाटी. भाताचा डोंगर करून वर वरण ओतण्याऐवजी वरणाच्या वाटीत भात कालवायला सांगा, प्रमाण आपोआप उलटतं. ज्वारीची भाकरीही मोजूनच. ती खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही असा एक समज आहे, तो खरा नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ आणि प्रमाण बदलण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि सव्वानऊपर्यंत सगळ्यांसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका, साडेसातला त्यांचं ताट वाढून द्या.

खडीसाखर

+१. आमच्या बाबांना खिचडीत डाळ-तांदूळ समसमान करून देतो, वर मुठभर चिरलेला पालक. चवीत कुणाला फरक कळत नाही.

सिंहगडरोड

एवढं वाचून दडपण आलं. आम्ही दोघंच, बाळ दीड वर्षाचं, स्वयंपाकाला कोणी नाही. आमचं सूत्र सरळ आहे: पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. नुसत्या पोळ्या, भाजी नाही. तिथल्या भाजीवर तेलाचा तवंग असतो आणि बाळाला तिखट लागते. पोळ्या आल्या की कणीक, लाटणं, तवा, परात घासणं सगळंच वाचतं. त्या वेळात घरी उसळ किंवा पालकाची पातळ भाजी होते. सासूबाईंना आधी पटत नव्हतं. आता गावाहून आल्या की त्याच आणायला जातात.

पेठकर

यात न पटण्यासारखं काय आहे? पुण्यात निम्म्या सोसायट्या पोळी-भाजी केंद्रांवर जेवतात. उलट त्यातून कितीतरी बायकांची घरं चालतात. तुम्ही खुशाल आणा.

दोन_शिट्ट्या

रविवारी तुम्ही काय काय करून ठेवता? मी उत्साहात पाच भाज्या चिरून डब्यात भरते आणि बुधवारी त्यांना वास येतो.

खडीसाखर

चिरून ठेवायच्या भाज्या फार थोड्या. फरसबी, गाजर, फ्लॉवरचे तुरे दोन-तीन दिवस राहतात. वांगं, बटाटा, दुधी आयत्या वेळीच. मी भाज्यांऐवजी मसाल्याची तयारी करते. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. उसळीला किंवा अंड्याच्या रश्श्याला दोन वड्या टाकल्या की झालं. खवलेला नारळ फ्रीजरमध्ये. चिंचेचा कोळ बाटलीत. सोललेला लसूण. मटार सोलून गोठवलेला. मळलेली कणीक एखादा दिवस राहते, तेलाचा हात लावून झाकली तर काळी कमी पडते, पण त्याहून जास्त ठेवू नका.

साळूंखी

उरलेल्या भाताबद्दल सांगायचं राहिलं. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, ही सवय उन्हाळ्यात तरी मोडा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवणं झाली की भात पसरट भांड्यात काढून निवू द्या आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका.

राजमा करणाऱ्यांनीही लक्ष द्या. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात पूर्ण शिजवायचा. अर्धाकच्चा राजमा पोट चांगलंच बिघडवतो.

भूमकर_चौक

साळूंखी, माझा फोडणीचा भात काढून घेतलात. बरं, फ्रिजमधल्या भाताचा करतो. तो तसाही जास्त मोकळा होतो.

निशिगंध

सगळ्यांचे आभार. धाग्यातून घरी जे बदललं ते सांगते. फळ्यावर आता दोन रकाने आहेत, डबा आणि रात्र. सोमवारी डब्यात फ्लॉवर-बटाटा, रात्री भाकरी, मेथी आणि पिठलं. मंगळवारी डब्यात भेंडी, रात्री उसळ. बुधवारी डब्यात दोडका, रात्री अंडी. गुरुवारी खडीसाखरचा तीन डब्यांचा कुकर, त्यामुळे शुक्रवारच्या डब्यात भरीत न जाता कोबी जाते. नवऱ्याने बुधवार घेतलाय, ठरवण्यासकट. पहिल्याच बुधवारी जेवण पावणेदहाला झालं आणि मी एक शब्द बोलले नाही, याची इथे नोंद व्हावी.

मुलगा दुधी अजूनही खात नाही. थालीपिठात किसून घातला की मात्र खातो, कारण त्याला सांगितलेलं नाही.

दोन_शिट्ट्या

शेवटची शंका. पुण्याच्या थंडीत मटकीला मोड येत नाहीत. सकाळी भिजवून रात्री बांधते, दुसऱ्या रात्रीही नुसती फुगलेली असते. मंगळवारची उसळ कशी जमवायची?

माई

रविवारी सकाळी कोमट पाण्यात भिजव. रात्री पाणी पूर्ण निथळून ओलसर पंच्यात बांध. रिकाम्या कुकरच्या तळाला वाटीभर गरम पाणी ठेव, वर जाळी, जाळीवर पुरचुंडी, आणि शिट्टी काढून झाकण लाव. सोमवारी सकाळी पाणी बदल. संध्याकाळपर्यंत मोड येतात. मग डब्यात भरून फ्रिजमध्ये, मंगळवारी फोडणीला तयार. आणि पुरचुंडी घट्ट आवळू नकोस, मोडांना जागा लागते.